वळणावरचं नऊ फूट पाणी

१२ मार्च

बारके,

चष्मा पोचला. आता सुईत दोरा एका झटक्यात जातो. या आठवड्यात चार गाद्या भरून झाल्या. तुझ्या नवऱ्याला सांग, काच एक नंबर घासली आहे, फक्त कानामागे जरा आवळतो. वहिनीचं डोकं जागेवर राहावं म्हणून मुद्दाम केलं असेल तर तसं कळव.

फोन घे, फोन घे म्हणून तू दर पत्रात लिहितेस. त्या पुरानंतर या घरात फोन आला नाही आणि येणार नाही. शिवाय फोनवर बोललं की राग हवेत जातो. कागदावर टिकतो.

आता बातमी. गावात पूररेषेचं काम सुरू झालंय. एक सर्व्हेवाली बाई आली आहे, तिशीची, पायात बूट, खांद्यावर तिपाई. आजवर पाणी कुठवर चढलं ते शोधायचं आणि नकाशावर दोन रेघा मारायच्या. निळ्या रेघेच्या आत वीटसुद्धा ठेवायची नाही. निळ्या आणि लाल रेघेच्या मधे जोतं उंच घेऊन बांधता येतं. तिने कचेरीत विचारलं, जुन्या पुरांची माहिती कोणाकडे आहे? सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. शेवटी शाळेचा शिपाई म्हणाला, "भोंगेवाल्याच्या बायकोकडे वही आहे." बावीस वर्षांत तुझ्या दादाची आठवण कोणी कामापुरती तरी काढली, ती ही पहिली.

वही तू पाहिलेली नाहीस, तू लग्न होऊन गेल्यावरची आहे. नोकरी गेली, हे दगडाच्या खाणीत जायला लागले आणि सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन गावभर फिरायला लागले. कोणाच्या भिंतीवर पाण्याची रेघ किती उंचीवर, कोणत्या विहिरीची कितवी पायरी बुडाली, सगळं पेन्सिलीने लिहून ठेवलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून त्याआधीचे चार पूरही लिहिले. लोक दारं लावून घ्यायचे, हे बाहेरून मोजायचे. मी विचारलं होतं, कशाला हा उद्योग? तर म्हणाले, "पुढच्याला उपयोगी पडेल."

तू घरचीच आहेस, तुला काय सांगायचं. पण लिहिल्याशिवाय मला झोप लागत नाही. त्या दिवशी वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. पुलाच्या खांबावरची पट्टी वाचून गावाला फोन करायचा हे मापवाल्याचं काम, आणि फोन आला की धोक्याचा भोंगा वाजवायचा हे ह्यांचं. भोंगा वाजला नाही. संध्याकाळी सातला पाणी खालच्या आळीत शिरलं आणि अकरा माणसं गेली. चौकशीत मापवाला म्हणाला, मी चार वाजता भोंगेवाल्याच्या घरी निरोप दिला. हे म्हणाले, मला निरोप मिळाला नाही. साहेबांनी मापवाल्याचं धरलं. मी महिनाभराच्या लेकीला घेऊन माहेरी, तू बाजारगावी शिवणाच्या क्लासला. ह्यांच्या बाजूने बोलायला कोणी नाही. नंतर हे एकदाही भांडले नाहीत. मीच भांडत राहिले. लेकीला शाळेत "भोंगा" म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा खांदा द्यायला चौघं जमवताना त्या शिपायाला दोन आळ्या फिराव्या लागल्या.

आणि आता ऐक. नदीच्या वळणावर मापवाल्याची जमीन आहे. तिथं त्याला घर बांधायचंय.

वहिनी

२० मार्च

वहिनी,

चष्मा ढिला करून मिळेल, तसाच परत पाठव.

बाकी, आता किती वर्षं तेच धरून बसायचं? मापवाले सत्तरी पार करून गेले असतील. बांधू दे त्यांना घर. तुझी वही सर्व्हेवाल्या बाईंना देऊन टाक आणि मोकळी हो. इकडे ये. आमच्या मागच्या खोलीत काचा घासायचं मशीन आहे, ते हलवता येईल. गाद्यांचं काम इथंही पुष्कळ मिळेल. मी दर वर्षी विचारते आणि तू दर वर्षी विषय बदलतेस.

दादा भांडला नाही, तर त्याला भांडायचं नसेल. त्याचंही काही ऐक.

बारकी

२ एप्रिल

बारके,

मोकळी हो म्हणालीस. झाले.

मापवाला माझ्या दारात आला होता. मी अंगणात कापूस पिंजत होते. गुडघे गेलेत त्याचे, हातात काठी. म्हणाला, "वहिनी, बसू का?"

मी म्हटलं, "पायरी सरकारी रस्त्यावर आहे. मी कोण नाही म्हणणार?"

बसला. काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "सर्व्हेवाल्या बाई म्हणाल्या, वळणावरचा आकडा फक्त तुमच्या वहीत आहे. मी त्या दिवशी वर पुलावर अडकलो होतो. पट्टी वाहून गेली. खाली पाणी किती चढलं ते मला ठाऊक नाही. मुलाला तिथं घर बांधायचंय, पुढे त्याची वेल्डिंगची शेड. दोन नाती आहेत. पाणी किती होतं तेवढं खरं सांगा."

खरं सांगा म्हणाला. मला.

मी म्हटलं, "बघून ठेवते. उद्या या." तो गेल्यावर दार लावून वही काढली. ह्यांच्या अक्षरात होतं, "वळण, पंपघराची भिंत, ९ फूट." ते पंपघर आता नाही, दगड लोकांनी कधीच उचलून नेले. वळणावर तेव्हा वस्ती नव्हती. म्हणजे तिथलं पाणी पाहिलेला माणूस नाही, भिंत नाही, फक्त ही ओळ. ह्यांचा नऊ म्हणजे एकालाच मागून काढलेलं शेपूट. दाढीच्या ब्लेडच्या टोकाने ते शेपूट खरवडलं, वरून बोट फिरवलं. एक फूट झालं.

दुसऱ्या दिवशी मापवाला आणि सर्व्हेवाली दोघांनी वही पाहिली. तिने कपाळाला आठ्या घातल्या. "खालच्या आळीत सहा फूट आणि वळणावर एक?" मी म्हटलं, "वळणावर पाणी पलीकडच्या माळावर फाकतं." तिने कच्च्या नकाशावर रेघ मारली, शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. मापवाल्याची जमीन लाल रेघेपाशी आली. जोतं तीन फूट घेतलं की परवानगी. तो मला हात जोडून गेला.

वहीप्रमाणे मोठं पाणी वीस-पंचवीस वर्षांनी येतं. म्हणजे आता येईल. मी माळावर उभी राहून बघणार आहे. बावीस वर्षं त्याने मला रोज थोडं थोडं बुडवलं, त्याला एकदाच बुडायचंय. काल मी दोन वेळा पोटभर जेवले. कधीपासून असं जेवण गेलं नव्हतं.

वहिनी

९ एप्रिल

वहिनी,

पत्र दुकानात उघडलं आणि हातातली काच फुटली. गिऱ्हाईक समोर होतं. मी त्यांना काय सांगितलं ते मलाच आठवत नाही.

तू हे करू नकोस. आजच्या आज सर्व्हेवाल्या बाईंकडे जा आणि आकडा चुकला म्हण. चष्मा नवा आहे म्हण, माझ्यावर ढकल, काहीही म्हण. दोन नाती आहेत असं तूच लिहितेस. त्यांनी तुझं काय केलंय? आणि ते अक्षर दादाचं आहे. त्याने खाणीतून आल्यावर, लोकांच्या शिव्या खात, एकेक फूट मोजून लिहिलेलं आहे. त्यात तू ब्लेड घातलंस.

आणि असं समज, नुसतं समज, की त्यांनी खरंच निरोप दिला होता. तेव्हाचे फोन कसे होते तुला माहीत आहे. भलतीकडेच लागायचे. दुसऱ्याच कोणी उचलला असेल. ऐकणाऱ्याला नीट ऐकू गेलं नसेल. चूक अशीही होते ना? मग तू एका निरपराध माणसाला मारशील.

लगेच लिही. नऊ केलंस एवढंच लिही.

बारकी

२१ एप्रिल

बारके,

नऊ केलेलं नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू कोणाची बाजू घेतेस? सख्खा भाऊ मातीत गेला तरी एकदा "मापवाला खोटारडा" म्हणाली नाहीस. लग्न करून गेलीस आणि हात झटकलेस. दर वर्षी भाचीला कपडे पाठवलेस, खेळणी पाठवलीस, ते मी विसरले नाही. पण कपड्यांनी तिचं "भोंगा" पुसलं गेलं नाही.

आणि तू म्हणतेस "समज त्यांनी खरंच निरोप दिला होता". तर आता पुरावाच देते. परवा सर्व्हेवालीने मला जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात नेलं. ह्यांची वही जुन्या कागदांशी ताडून बघायची होती तिला. मांजराएवढे उंदीर आहेत तिथं. तासाभराने पुलाची त्या वर्षीची नोंदवही सापडली. मी स्वतः वाचलं. "४.१०. निरोप भोंगेवाल्याचे घरी दिला. बाईने घेतला. तीनदा समजावून सांगितला."

वाचून मला हसू फुटलं. बाईने घेतला म्हणे. कोणती बाई? मी माहेरी. सासूबाई त्याच्या तीन वर्षं आधीच गेलेल्या. तू साडेतीनच्या बसने क्लासला गेलेली, हे तूच सगळ्यांना सांगत होतीस. खोटं लिहायचं तर निदान घरात कोण आहे याची चौकशी करून लिहावं. आजवर मनात कुठंतरी कणभर शंका होती, ती पण गेली.

पाया खणायला सोमवारी सुरुवात आहे. गुडघे धरत धरत तो स्वतः चुना टाकून आखणी करतोय. मी लांबून बघून आले.

वहिनी

२६ एप्रिल

वहिनी,

खणायला लागण्याआधी तुझ्या हातात पडावं म्हणून हे स्पीड पोस्टने टाकते. न थांबता लिहिते, थांबले तर टाकणार नाही.

ती बाई मी होते.

साडेतीनची बस मी चुकवली होती. त्या दिवशी क्लासच्या बाईंकडे साखरपुड्याचं पोलकं मापाला लागणार होतं आणि शेवटची बस सव्वाचारची होती. मी दाराला कुलूप घालत होते तेव्हा फोन वाजला. मी आत जाऊन उचलला. ते म्हणाले, धरणाचे सगळे दरवाजे उघडलेत, सातपर्यंत पाणी गावात येईल, पाचच्या आत भोंगा झाला पाहिजे. तीनदा सांगितलं. मी तिन्ही वेळा हो म्हटलं. नीट कळलं का विचारलं, मी म्हटलं, "हो हो, कळलं, माझी बस जाईल."

त्या पावसाळ्यात असे तीन निरोप येऊन गेले होते. तिन्ही वेळा पाणी घाटाला टेकून परत गेलं होतं. दादा साडेचारला चहाला घरी यायचा, एक दिवस चुकायचा नाही. मी चिठ्ठी लिहिली, "वरून पाणी सोडलंय, सातला पोचेल, पाचच्या आत भोंगा कर." शेगडीपाशी त्याच्या कपाखाली ठेवली आणि बस पकडली.

दादा चहाला आलाच नाही. तो बांधावर मातीची पोती टाकत होता. वहिनी, हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. बस बांधाजवळून गेली तेव्हा तो मला दिसला, पिवळा रेनकोट घातलेला. मी खिडकीतून हात केला. त्यानेही केला. मी बस थांबवून ओरडले असते तरी चाललं असतं. माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी पोलक्याच्या बाह्यांचा विचार करत होते.

रस्ता बंद झाला, दोन रात्री मी बाजारगावीच राहिले. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा त्याचा जबाब देऊन झाला होता. मला निरोप मिळाला नाही असं तो सांगून आला होता, आणि ते खरंच होतं. मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ चिखल झाडत राहिला. मग विचारलं, "चिठ्ठी कुठं ठेवली होतीस?" मी म्हटलं, शेगडीपाशी. म्हणाला, "बरं. हे आता तोंडातून काढायचं नाही. लग्न होऊन इथून जा." मी विचारलं, वहिनीला तरी सांगू? तर म्हणाला, "तिला तर नाहीच. ती तुला सोडणार नाही."

म्हणून तो भांडला नाही.

मापवाल्यांनी काहीही केलेलं नाही. आकडा दुरुस्त कर. मग मला शिव्या घाल, इकडे येऊन मार, पण लिही.

बारकी

१४ जून

बारके,

सात आठवडे लिहिलं नाही. पहिला आठवडा मी नुसता कापूस पिंजला. एकाही गादीत भरला नाही. शेजारीण विचारून गेली, बरं नाही का. मी म्हटलं, घरातलं माणूस गेलंय. तिने विचारलं कोण. मी सांगितलं नाही.

पण पहिलं काम पहिलं. तुझं पत्र आलं त्या दिवशीच मापवाल्याच्या घरी गेले. त्याची सून भांडी घासत होती, मला बघून हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिली. मी त्याला विचारलं, "त्या दिवशी फोनवर कोण बोललं होतं?"

तो म्हणाला, "वहिनी, आता कशाला? जाऊ द्या."

"कोण होतं?"

"तुम्ही होतात," तो म्हणाला.

ऐक नीट. बावीस वर्षं हा माणूस धरून चालला होता की फोन मी घेतला. आपल्या घरात बाई म्हणजे मी, एवढंच त्याला ठाऊक. नोंदवहीत लिहिणं भाग होतं म्हणून लिहिलं, पण जबाबात त्याने फक्त "घरी दिला" एवढंच सांगितलं. साहेब खोदून विचारायला लागले तेव्हा म्हणाला, त्यांच्या घरी बाळंतीण आहे, बाईमाणसाला यात ओढू नका. रस्त्यात मला बघून तो तोंड फिरवायचा. मला वाटायचं, शरमेने. तो मला ओशाळं वाटू नये म्हणून फिरवत होता. मी त्याला रोज शाप देत होते आणि तो मला माफ करून बसला होता. तुझ्या पापाची माफी मी बावीस वर्षं खाल्ली, तीही ज्याला मारायला निघाले त्याच्या हातची.

मी त्याला तिथंच सांगितलं की वळणावर नऊ फूट पाणी होतं, एक नाही. त्याने विचारलं, "मग एक का सांगितलंत?" मी म्हटलं, "तुम्हाला बुडवायचं होतं." सुनेच्या हातातलं पातेलं पडलं. तो उठला. आत जाऊन मुलाला हाक मारली आणि म्हणाला, "उद्यापासून खणायचं नाही."

सर्व्हेवालीसमोर ब्लेडची जागा दाखवली. ती म्हणाली, "मला माहीत होतं. एक कुठेच बसत नव्हता." जमीन निळ्या रेघेत गेली. आता तिथं त्याला गोठासुद्धा घालता येणार नाही. खऱ्यानेही त्याचंच नुकसान झालं. सून माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

नकाशावर गावाची सुनावणी होती, गेल्या गुरुवारी, शाळेच्या हॉलमध्ये. खालच्या आळीची सगळी माणसं होती. वहीत खाडाखोड कशी झाली ते सांगायला मी उभी राहिले. सांगितलं. लोक कुजबुजले, कोणीतरी म्हणालं, नवऱ्यासारखीच. तेव्हा मी तुझं पत्र काढलं आणि वाचायला लागले. "मी दाराला कुलूप घालत होते तेव्हा फोन वाजला. मी आत जाऊन उचलला." इथवर वाचलं आणि घडी घातली. म्हटलं, पुढचं लिहिणारीच सांगेल.

दुसरी सुनावणी पंधरा दिवसांनी, गुरुवारी, सकाळी अकराला आहे. सगळ्यांना सांगून ठेवलंय. तू आली नाहीस तर पत्र मी पुरं वाचेन, आणि एक प्रत तुझ्या नवऱ्याच्या दुकानाच्या पत्त्यावर जाईल. तुला निवड आहे. ह्यांना नव्हती.

मुक्कामाला माझ्याकडे येऊ नकोस.

ह्यांनी बरोबर ओळखलं होतं मला.

वहिनी

६ जुलै

वहिनी,

मी आले, बोलले, परत आले. तू मागच्या रांगेत खिडकीपाशी होतीस. मी बोलत असताना तू बाहेर बघत होतीस, म्हणून काय काय झालं ते तुला दिसलं की नाही मला कळलं नाही. म्हणून लिहिते.

निघण्याआधी ह्यांना सांगितलं. तू प्रत पाठवशील म्हणून नव्हे, किंवा म्हणूनही असेल. ते काच पुसत होते, ती एकच काच पुसत राहिले. मग म्हणाले, "बसपर्यंत सोडतो." त्यानंतर अजून या विषयावर बोललेले नाहीत. जेवताना पाणी मागतात तेवढंच.

हॉलमध्ये मी कोणालाही ओळखलं नाही. सगळे म्हातारे झालेत. सर्व्हेवाल्या बाईंनी खुर्ची दिली, मी बसले नाही. बस बांधाजवळून गेली तिथवर आले आणि माझं तोंडच उघडेना. तेव्हा पहिल्या रांगेतले कुंभारकाका उठले, ज्यांची बायको आणि दोन्ही मुलगे गेले ते. मला वाटलं मारतील. त्यांनी विचारलं, "फोन किती वाजता आला?"

मी म्हटलं, "चार दहा."

"आणि पाणी सातला." त्यांनी बोटं मोजली. "म्हणजे जवळजवळ तीन तास होते." मग खाली बसले आणि शेजारच्याला पुन्हा सांगितलं, "तीन तास होते." सुनावणी संपेपर्यंत ते हेच पुटपुटत होते. मला कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

एक बाई माझ्या पायाशी थुंकली. तिला कोणी अडवलं नाही. शिपाई उठून म्हणाला, भोंगेवाल्याला आपण काय काय बोललो ते आता आठवा. कोणी वर बघेना. मग सर्व्हेवाल्या बाईंनी नकाशा पसरला आणि सांगितलं की खाली एक ओळ छापली जाईल, गावच्या भोंगेवाल्याने केलेल्या मोजणीवरून. दादाचं नाव पूर्ण लिहिणार आहेत, वडिलांच्या नावासकट. हे तरी तू ऐकलंस ना?

सगळं संपून बाहेर आले तर संध्याकाळ झाली होती, शेवटची बस गेली होती. तुझ्या दाराला आतून कडी होती. मी दोनदा वाजवलं, तिसऱ्यांदा वाजवलं नाही. मापवाले रस्त्यात काठी टेकत उभे होते. म्हणाले, "चला." त्यांच्या सुनेने अंथरूण घातलं. सकाळी निघताना ते म्हणाले, "आवाज ओळखला मी काल. तेव्हाही तुम्ही असंच भरभर बोलत होतात." एवढंच. मला ते वाक्य दिवसभर पुरतं.

वहिनी, आता तरी तुझं समाधान झालं का? मी हे टोमणा म्हणून विचारत नाही. खरंच विचारते. झालं असेल तर मला माफ करशील का?

बारकी

१९ जुलै

बारके,

समाधान झालं का विचारतेस. झालं. खोटं कशाला बोलू? तू तिथं उभी होतीस, पदर तोंडाला लावून, आणि सगळा गाव तुझ्याकडे बघत होता. मी बाहेर बघत नव्हते, खिडकीच्या काचेत तू दिसत होतीस. तुझं तोंड उघडेना तेव्हा मला बरं वाटलं. दार वाजलं तेव्हाही मी आतच होते, दाराला पाठ लावून बसले होते. तिसऱ्यांदा वाजवलं असतंस तरी उघडलं नसतं.

कुंभारकाका दुसऱ्या दिवशी आले होते. बसले नाहीत. ह्यांच्या फोटोसमोर उभे राहिले, हात जोडले नाहीत, नुसते उभे राहिले. जाताना म्हणाले, "गादी भरून दे एक." गावातलं पहिलं काम. आजवर भरल्या त्या सगळ्या गाद्या बाहेरगावच्या.

माफीचं विचारू नकोस. ज्यांची माणसं गेली ते देतील तेव्हा देतील. माझ्यापुरतं म्हणशील तर नाही. तू सतरा वर्षांची होतीस, चिठ्ठी लिहून ठेवली होतीस, ते मी समजू शकते. तो एक दिवस मी तुला कदाचित सोडूनही देईन. पण नंतरची बावीस वर्षं तू सतरा वर्षांची नव्हतीस. ह्यांनी गप्प बस म्हटलं, आणि तुला ते सोयीचं पडलं. हे गेल्यावर तर अडवणारं कोणी नव्हतं. तेव्हा तू आलीस, माझ्या गळ्यात पडून रडलीस, आणि बस पकडून गेलीस.

पत्रं लिहीत जा. उत्तर देईन की नाही ते सांगत नाही. वाचेन मात्र.

आणि एक राहिलं. लेकीला मी यातलं काही कळवलेलं नाही. ती अजून तिच्या मैत्रिणींना सांगते की आमच्या घरात सगळ्यात मायाळू माझी आत्या. तिला मी सांगणार नाही, तू सांगायचंस. हॉस्पिटलमध्ये तिची दिवसपाळी आहे, पत्र दुपारी हातात पडेल. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.

वहिनी